गाडीत पाणी नेमकं कुठे मुरतंय?

पायाखालचं कार्पेट ओलं लागलं की बहुतेक जण आधी सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि काचेच्या कडेने दिसेल त्या फटीत भरतात. आठवड्याने पाऊस येतो आणि कार्पेट पुन्हा ओलं. कारण गाडी म्हणजे काही हवाबंद डबा नव्हे. पाणी ठरावीक जागांतून आत घ्यायचं, नळ्यांतून आणि भोकांतून खाली उतरवायचं आणि बाहेर सोडायचं, अशीच तिची रचना असते. दाराच्या पोटात दर पावसात पाणी जातंच. सनरूफच्या चौकटीत जातं, वायपरखालच्या पन्हळीत तर धो-धो जातं. केबिनमध्ये उतरलेलं पाणी पुष्कळदा नव्या भोकातून आलेलं नसतं, बाहेर जायची वाट तुंबल्यामुळे आत वळलेलं असतं. अशा वेळी सिलिकॉन लावणं म्हणजे मोरी तुंबली म्हणून उंबरा उंच करणं.

म्हणून क्रम असा ठेवा: पाणी ओळखा, ते कधी येतं ते ठरवा, शिरायची जागा डोळ्यांनी बघा आणि मग दुरुस्तीला हात घाला. कार्पेट वाळवून परत बसवणं अगदी शेवटी.

पाणी कसलं आहे?

पांढरा टिश्यू पेपर ओल्या जागी दाबून धरा, मग उजेडात नेऊन बघा आणि वास घ्या. रंग नाही, वास नाही किंवा नुसता कुबट वास असेल, तर पाणी पावसाचं नाहीतर एसीचं आहे. साबणासारखा वास आला तर काच धुवायचं वॉशरचं पाणी. मागच्या काचेला वायपर असलेल्या गाड्यांत वॉशरची नळी बहुतेक वेळा केबिनच्या आतूनच मागे गेलेली असते आणि डिकीच्या बिजागरीपाशी ती सांध्यातून निसटते. टाकीत थोडा खाण्याचा रंग घालून मागचा वॉशर दहा सेकंद चालवला की लगेच कळतं.

गोडसर वास, बोटांना चिकटपणा आणि हिरवट, गुलाबी किंवा केशरी छटा असेल तर ते पाणी नव्हे, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. ते ज्यातून फिरून केबिन गरम करतं ती हीटर कॉइल गळते आहे. सोबत समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, पुसलं की ते नुसतं फरफटतं. कूलंट विषारी असतं, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्यापासून लांब ठेवा. हीटर कॉइल बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे हे काम गॅरेजचंच. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद औषधं टाळा, हीटर कॉइलच्या बारीक नळ्या आधी त्यानेच चोंदतात.

ड्रायव्हरच्या पेडलमागून तेलकट ओल उतरत असेल तर ब्रेक किंवा क्लचचं ऑइल असू शकतं. टाकीतली पातळी बघा. ती खाली गेली असेल तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

इथून पुढचं सगळं साध्या पाण्याबद्दल.

कधी ओलं होतं?

या एका प्रश्नाने निम्मी शोधाशोध वाचते. चार-पाच दिवस रोज सकाळी हाताने कार्पेट दाबून बघा आणि लिहून ठेवा: रात्री पाऊस होता का, एसी लावला होता का, गाडी उताराला उभी होती की सपाटीला.

गाडी नुसती पावसात उभी असताना ओली होत असेल तर पाणी वरून येतंय: सनरूफ, समोरची काच, वायपरखालची पन्हळ, दारं, मागचे दिवे. उभ्या गाडीत कोरडं, पण पावसात चालवली की ओलं, तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून शिरतंय. फ्लोअरला तळाशी रबरी बुचं असतात, त्यातलं एखादं गळून पडलेलं असतं, किंवा चाकावरचं प्लास्टिक लायनर क्लिपा तुटून लोंबत असतं. आठवडाभर पाऊस नाही तरी पुढचं कार्पेट ओलं, तर एसी. आणि फक्त प्रेशर वॉशरने धुतल्यावरच दोन थेंब आत आले, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. तो फवारा जवळून दाराच्या रबरावर मारला की धडधाकट रबरही दाद देत नाही.

उतार महत्त्वाचा का? नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीत सनरूफचं पाणी मागच्या नळ्यांकडे जातं, नाक खाली असेल तर पुढच्या. पार्किंगची जागा बदलली आणि गळती ‘आपोआप थांबली’, तर ती थांबलेली नाही, फक्त कोपरा बदललाय.

कार्पेट उचलल्याशिवाय काही कळत नाही

वरचं कार्पेट हाताला दमट लागतं तेव्हा त्याखालच्या फोमच्या किंवा नमद्याच्या थरात काही लिटर पाणी साठलेलं असू शकतं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी साधारणपणे क्लिपांवर बसवलेली असते. सपाट प्लास्टिक पट्टीने एका टोकापासून हळूहळू वर उचला, मग कार्पेटची कड मोकळी होते. तेवढ्याने भागलं तर सीट काढूच नका.

सीट काढावीच लागली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो दिलेला नसेल तर निदान दहा मिनिटं. सीटखालच्या पिवळ्या रंगाच्या कनेक्टरच्या तारा एअरबॅगच्या किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही आणि त्या सुटलेल्या असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी वेष्टनाच्या केबलला हातही लावू नका.

आता टॉर्च घेऊन उघड्या पत्र्याकडे तिरप्या उजेडात बघा. वाळलेल्या पाण्याने मागे मातीची बारीक रेघ ठेवलेली असते, कधी गंजाचा पिवळसर ओघळ. ती रेघ वर वर धरत जा. सर्वांत ओली जागा आणि पाणी शिरायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या घडीतून, डॅशबोर्डमागच्या इन्सुलेशनवरून हातभर लांब जाऊन मग टपकतं. मागच्या प्रवाशाच्या पायाशी तळं साचलेलं असतं आणि ते आलेलं असतं पुढून, कार्पेटखालच्या खाचेतून. ब्रेक, वळण, चढ यांनी ते इकडून तिकडे फिरत राहतं.

नळीची चाचणी

दोघं जण लागतात. एक बाहेर नळी धरायला, दुसरा आत टॉर्च घेऊन.

१. संशयित भागातलं ट्रिम (पत्र्यावरचं आतलं प्लास्टिकचं आवरण) आणि कार्पेट बाजूला करा. पत्रा पूर्ण कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर मारा.

२. नळीचं नोझल काढून टाका. पाणी मनगटावरून सहज ओघळेल एवढंच सोडा. जोरदार फवाऱ्याने पावसात कधीच न गळणारी जागाही गळायला लागते आणि तपास भरकटतो.

३. खालून सुरुवात करा. आधी दाराचा तळ, मग दाराची काच, मग समोरच्या काचेची खालची कड, मग बाजू, सगळ्यांत शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच वेगळं काढता येत नाही.

४. प्रत्येक जागेवर पाच मिनिटं धीर धरा. पाण्याला आतली खाच भरून वाहायला वेळ लागतो. निम्मे तपास इथेच फसतात: दोन मिनिटांत आत काही दिसलं नाही की ती जागा ‘पास’ करून माणूस पुढे जातो आणि पाणी मग पुढच्या जागेच्या नावावर दिसतं.

५. आतल्या माणसाने पावडरीवर नजर ठेवावी. पहिला थेंब उतरला की पांढऱ्या थरात काळीभोर रेघ पडते, आणि रेघेचं वरचं टोक थेट वाटेकडे बोट दाखवतं. दिसताच पाणी बंद, फोटो, आणि तिथून वर शोध.

६. सपाटीला काही सापडलं नाही तर गाडीचं नाक चढाला, मग उताराला ठेवून पुन्हा करा.

पाणी वापरायचं नसेल तर दुसरी रीत आहे. दारं-खिडक्या बंद, ब्लोअर पूर्ण वेगाने, हवा बाहेरून घेण्याच्या स्थितीत. आत दाब वाढतो. बाहेरून काचेच्या कडांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, फट असेल तिथे बुडबुडे धरतात. समोरच्या काचेच्या जोडासाठी ही रीत नळीपेक्षा सरस आहे.

एसीचं पाणी आणि वायपरखालची पन्हळ

ही दोन्ही ठिकाणं बऱ्याच गाड्यांत एकाच पायाशी, पुढच्या प्रवाशाच्या बाजूला, पाणी सोडतात म्हणून एकत्र घेतली आहेत.

एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. दमट हवेत तासाभरात लिटरभर पाणीही निघू शकतं. ते फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, गेलेल्या बोटभर जाडीच्या नळीने खाली पडायला हवं. दमट दिवशी पंधरा मिनिटं एसी चालवून गाडीखाली बघा. खाली टपकत नसेल आणि आत ओल असेल तर दुसरा संशयित शोधायची गरज नाही. नळीच्या तोंडाशी चिखल, पानांचा चुरा किंवा कीटकांनी केलेलं घर असतं. खालून मऊ प्लास्टिकची दोरी किंवा गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉन तार फिरवत आत घाला. कडक लोखंडी तार नको, ती कॉइलला भोक पाडू शकते आणि मग पाण्याऐवजी गॅसची दुरुस्ती करावी लागते. चेहरा बाजूला ठेवा, अडलेलं पाणी एकदम येतं. नळी मोकळी असूनही आत ओलं होत असेल तर ती फायरवॉलपाशी निसटली आहे का बघा. पाणी पडतं, पण बाहेर न पडता इन्सुलेशनमध्ये.

आता पन्हळ. बॉनेट उघडलं की समोरच्या काचेच्या पायथ्याशी काळी प्लास्टिकची जाळी दिसते. तिच्याखाली पत्र्याची एक आडवी पन्हळ असते. पावसाचं काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे बाहेर पडतं. याच पन्हळीत ब्लोअरची हवा घ्यायची खिडकीही असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं कुजून भोकं बुजतात, पाण्याची पातळी चढते आणि त्या खिडकीतून थेट ब्लोअरमध्ये उतरते. खूण सोपी आहे: ब्लोअरची हवा गाळणारा केबिन फिल्टर काढा. तो ओला, लाटांसारखा वाकलेला किंवा खालच्या कडेला मातकट असेल तर पाणी इथूनच आलं.

वायपरचे हात काढण्याआधी काचेवर त्यांची जागा टेपने खूण करून ठेवा. जाळी उचला, कचरा हाताने काढा, भोकांच्या टोकाला असलेलं रबरी बोंडकं चिमटीत दाबून उघडतंय का बघा. ते चिकटून बसलं असेल तर साफ करा. कापून टाकायचा मोह होतो, पण ते बाहेरचा चिखल वर येऊ नये म्हणूनच दिलेलं असतं. मग दोन लिटर पाणी पन्हळीत ओता. ते थांबल्याशिवाय, दोन्ही बाजूंनी निघून गेलं पाहिजे. जाळी बसवताना तिची कड काचेखाली नीट गेली आहे आणि फिल्टरच्या झाकणाचा फोम जागेवर आहे याची खात्री करा. साधं फिल्टरचं झाकण अर्धवट बसल्यामुळे अख्खा डॅशबोर्ड उघडला गेल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये विचारा, भरपूर मिळतील.

दारातला पडदा

खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या आत जातं, हे पुन्हा सांगायला हवं, कारण लोक वरची रबरी पट्टी बदलत बसतात. ती पट्टी पाणी पुसते, अडवत नाही. आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला तर ती भोकं बुजली आहेत, लाकडी काडीने मोकळी करा.

दाराचं पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. पाण्याला केबिनमध्ये येऊ न देणारा तो एकमेव अडसर. स्पीकर बदलताना, काच वर-खाली करायची मशीन दुरुस्त करताना हा पडदा ओढून काढला जातो आणि परत नीट चिकटवला जात नाही. मग पाणी पॅडच्या मागून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उतरतं. बाहेरून दाराचं रबर तपासत राहिलात तर काही सापडणार नाही.

पॅड काढा, पडदा तसाच ठेवा, काचेवर नळी सोडा आणि पडद्याची खालची कड बघा. काळा चिकट दोर म्हणजे ब्यूटाइल. तो मळलेला नसेल तर हेअर ड्रायरने कोमट करून रुळाने किंवा बोटाने दाबून पुन्हा बसतो. मळला असेल तर पूर्ण खरवडून, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा नवा ब्यूटाइल दोर लावा. दोर अखंड हवा, खालच्या कोपऱ्यात जोड नको. पडद्याची खालची कड पत्र्याच्या खाचेत, म्हणजे दाराच्या पोटाकडे गेली पाहिजे. ती बाहेर राहिली तर पडदा पाणी अडवायच्या ऐवजी केबिनमध्ये आणून सोडतो. पडद्यातून जाणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोलातूनच गळून पडतो. साधी पॅकिंग टेप इथे एक ऋतूही टिकत नाही.

दाराच्या चौकटीच्या रबराची, ज्याला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, परीक्षा खडूने करा. रबरावर खडू घासा, दार नेहमीच्या जोराने लावा, उघडा. पत्र्यावर रेघ अखंड उमटली पाहिजे. तुटलेली रेघ म्हणजे तिथे रबर टेकत नाही: एकतर ते दबलंय, किंवा दार बिजागरीत उतरलंय. दुसऱ्या परिस्थितीत नवं रबर घालून उपयोग नाही.

सनरूफ

सनरूफच्या काचेचं रबर थोडं पाणी आत येऊ देतं, ते अपेक्षितच असतं. खाली एक तबक आणि चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात. पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबातून, मागच्या दोन मागच्या खांबातून उतरतात. सनरूफ उघडून पुढच्या एकेका कोपऱ्यात १०० मिली पाणी सावकाश ओता. काही सेकंदांत ते दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकामागे जमिनीवर पडायला हवं. तबकात साचून राहिलं तर नळी तुंबली आहे. पाणी खाली गेलं पण जमिनीवर आलं नाही, तर नळी मध्येच निसटली आहे आणि पाणी आत्ता तुमच्या कार्पेटमध्ये आहे.

तुंबलेल्या नळीत दोनेक मिलिमीटर जाडीची ट्रिमरची नायलॉन तार घाला. टोक लायटरने वितळवून गोल करून घ्या, नाहीतर ती नळी फाडते. अडलं की जोर लावू नका, मागे घेऊन फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय मोडा: नळी आतल्या तोटीवरून उडते आणि ती परत बसवायला छताचं अस्तर उतरवावं लागतं. खांबाचं ट्रिम स्वतः ओढू नका, बऱ्याच गाड्यांत त्यामागे पडदा-एअरबॅग असते.

डिकी

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं तर डिकीचं अस्तर काढून एकाने टॉर्चसह आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून नळी धरावी. आतून डिकी उघडायची सोय चालते ना, ते दार लावण्यापूर्वी बघा. क्रमाने: टेललॅम्पचे गॅस्केट, मधला वरचा ब्रेक लाइट, छतावरच्या अँटेनाचं बूड, रूफ रेलचे बोल्ट, मागच्या वायपरचा दांडा. टेललॅम्पचे नट एकेक करून सारखे आवळा. एकच कचकचून आवळला की मागचं प्लास्टिक तडकतं आणि गळती कायमची होते. बंपरमागे दोन झडपा असतात, केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या. मागून ठोकर बसलेल्या गाडीत त्यांचा फोम सुटलेला असतो. फोम बदला, झडप बुजवू नका. बुजवली तर काचा धुकट राहतात आणि दार जोराने आपटावं लागतं.

काय लावायचं

समोरची काच आधुनिक गाडीत युरेथेन नावाच्या चिकटद्रव्याने चिकटवलेली असते. तिचा जोड गळत असेल तर योग्य दुरुस्ती एकच: काच काढून, कडेचा गंज साफ करून, प्रायमर लावून पुन्हा बसवणं. ते काम काचवाल्याचं. वरून सिलिकॉन फासलेलं असेल तर नवीन युरेथेन तिथे धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. पत्र्याच्या सांध्यांना सीम सीलर (सांधे बुजवायची लुगदी), पडदा आणि दिव्यांना ब्यूटाइल, वायर जाणाऱ्या भोकांना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबराची कडी. नंतर बसवलेल्या हॉर्न किंवा अँप्लिफायरच्या वायरींसाठी फायरवॉलला पाडलेलं भोक ग्रोमेटशिवाय राहिलेलं असतं, ते हमखास बघा. सीलर लावण्याआधी पत्रा कोरडा आणि तेलविरहित हवा. ओल्या पत्र्यावर लावलेला सीलर सालीसारखा निघतो.

वाळवणं

ओल्या-कोरड्या व्हॅक्यूमने पाणी ओढा, मग कार्पेट शक्य तेवढं उचलून खाली लाकडाचे ठोकळे द्या आणि टेबलफॅन लावा. खालचा फोम वाळायला तीन-चार दिवसही लागतात. वरून कोरडं लागलं म्हणून फसू नका. सुटा निघणारा फोम बाहेर उन्हात वाळवा, कुजका वास बसला असेल तर बदला. सीटखालच्या आणि कार्पेटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर बॅटरी सोडवलेली असताना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पिवळे कनेक्टर मात्र त्या गाडीच्या माहितगारावर सोडा. पत्र्यावर गंजाचे ठिपके असतील तर घासून, गंजरोधक प्रायमर लावून मगच पुढे जा.

कार्पेट लगेच घट्ट बसवू नका. उंबऱ्याची पट्टी नुसती टेकवून ठेवा, फोमखाली पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि त्यावर तारीख घाला. दोन जोरदार पाऊस किंवा दोन नळीच्या चाचण्या होऊ द्या. कागद कोरडे, सपाट आणि खळखळीत निघाले की क्लिपा दाबा.